हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की तुमच्यापैकी काही जणांच्या वाट्याला एक काम न मागता येतं. "अरे, ते मोबाइलवरचं जरा करून दे रे," असं म्हणत आजोबा समोर येऊन बसतात. तुम्ही अ‍ॅप उघडता, आधार नंबर टाकता, फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरता. अ‍ॅप सांगतं, डोळे मिचकावा. आजोबा आधी मिचकावतच नाहीत, मग दोन्ही डोळे घट्ट मिटून बसतात. दोन-तीन प्रयत्नांत जमतं. हिरवी खूण येते आणि सरकारदरबारी नोंद होते की ही व्यक्ती जिवंत आहे.

यालाच म्हणतात हयातीचा दाखला. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाला तो वर्षातून एकदा द्यावा लागतो. आजोबा सैन्यातून, नौदलातून किंवा हवाई दलातून निवृत्त झालेले असतील तर तो जातो 'स्पर्श' नावाच्या पोर्टलवर. पूर्वी हे काम बँकेत व्हायचं. मॅनेजरसाहेब ओळखीचे असायचे, 'कसं काय फौजी?' म्हणत सही घ्यायचे. आता नाव 'स्पर्श' आणि कारभार सगळा स्क्रीनवरून. असो. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते आणि मग समोर धडधाकट बसलेल्या माणसाला आपण जिवंत आहोत हे पटवून देत फिरावं लागतं.

तुम्हाला हे गमतीशीर वाटेल. पण एखादा सैनिक जिवंत आहे की नाही, या एका रकान्यावर आपल्या देशात काही कुटुंबांची पन्नासहून जास्त वर्षं गेली आहेत. त्यासाठी हवाई दलातल्या दोन मराठी वैमानिकांची गोष्ट सांगायला हवी. दोघंही फ्लाइट लेफ्टनंट, दोघंही सुखोई-७ उडवणारे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाच दिवसांच्या अंतराने दोघंही पाकिस्तानात पडले. एक परत आला. दुसऱ्याचं काय झालं, हे फाइलला अजून ठरवता आलेलं नाही.

परत आले ते दिलीप कमलाकर पारुळकर.

या माणसाचा पिंड १९६५ च्या युद्धातच दिसला होता. तेव्हा ते हंटर विमान उडवत होते. जमिनीवरून झालेला मारा विमानाला लागला आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. फॉर्मेशनचा लीडर म्हणाला, उडी मार. पारुळकरांनी तसंच जखमी हाताने ते मोडकं विमान तळावर आणून उतरवलं. त्यासाठी त्यांना वायुसेना मेडल मिळालं. १० डिसेंबर १९७१ ला मात्र उडी मारण्यावाचून पर्याय उरला नाही. सुखोई पडलं, पॅराशूट उघडलं आणि ते पाकिस्तानच्या हद्दीत उतरले. तिथून त्यांची रवानगी रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत झाली. तिथे हवाई दलाचे आणखीही अधिकारी होते.

युद्ध १६ डिसेंबरला संपलं. भारताकडे सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी होते. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला. तरी छावणीतल्यांना सुटकेची तारीख कुणी सांगेना. पारुळकरांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच होतं, पळायचं. सोबत आले मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. खोलीची भिंत आतून थोडी थोडी पोखरायची, निघालेला राडारोडा लपवायचा, पहारेकऱ्याची पावलं मोजायची. जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यांना थोडा भत्ता मिळतो, त्यातले पैसे साठवायचे. असे कित्येक आठवडे गेले.

१२ ऑगस्टच्या रात्री वादळ आलं. अंधार, वारा, पाऊस. पहारेकरी आडोशाला गेले. तिघं भोकातून बाहेर पडले, रस्त्याला लागले आणि पेशावरकडे जाणारी बस पकडली. आपल्याकडे रात्री उशिरा विरार स्टेशनबाहेर मिळेल त्या रिक्षात घुसतात ना, तितक्या साधेपणाने. कुणी विचारलं तर सांगायला नावं तयार होती. पारुळकर झाले होते 'फिलिप पीटर', पाकिस्तानी हवाई दलातले, सुट्टीवर फिरायला निघालेले.

सकाळपर्यंत ते खैबर खिंडीत, लंडी कोतल नावाच्या गावात पोचले. अफगाणिस्तानची सीमा तिथून अगदी जवळ. मोजून काही मैल. आणि इथे त्यांना नकाशाने दगा दिला. त्यांच्याकडच्या जुन्या नकाशात पुढचं रेल्वे स्टेशन होतं लंडी खाना. त्यांनी चहाच्या टपरीवर विचारलं, लंडी खानाला कसं जायचं? पण लंडी खानापर्यंतची गाडी १९३२ मध्येच बंद झाली होती! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनचा पत्ता विचारणारे हे तिघं कोण? त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले अनेक बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात पळत होते, त्यामुळे लोकांचा संशय आधीच जागा होता. तिघांना धरून तहसीलदारापुढे उभं केलं.

तिथे पारुळकरांनी जे केलं त्याला माझ्या मते सलाम करायला हवा. मारहाण, कदाचित गोळी, समोर दिसत असताना त्यांनी पाकिस्तानी हवाई दलाच्या उस्मान हमीद या अधिकाऱ्याशी फोनवर बोलू द्या म्हणून हट्ट धरला. हमीद पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. त्यांनी फोनवर प्रकरण ओळखलं आणि या माणसांना इजा करू नका, असं बजावलं. त्या एका फोनने तिघांचे जीव वाचले. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवरून ते भारतात आले. पारुळकर पुढे ग्रुप कॅप्टन झाले. आयुष्यभर त्यांनी ही गोष्ट हसत हसत सांगितली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता दुसरे. विजय वसंत तांबे.

५ डिसेंबर १९७१ ला शोरकोट रोडच्या पाकिस्तानी तळावर हल्ला करताना त्यांचं सुखोई पडलं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्याच महिन्यात ढाक्याहून निघणाऱ्या एका पाकिस्तानी इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. त्यात एक नाव होतं 'फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे'. या आडनावाचा भारतीय हवाई दलात दुसरा कोण असणार? म्हणजे ते जिवंत पकडले गेले, अशी घरच्यांची खात्री झाली. पण वर्षभराने युद्धकैदी वाघ्यावरून परतले तेव्हा त्यात तांबे नव्हते. रावळपिंडीच्या छावणीत पारुळकर होते, तिथेही ते नव्हते.

असे ते एकटेच नाहीत. १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याचं मानलं जाणाऱ्या ४० जणांची यादी लोकसभेत ठेवली. पुढे ती वाढून ५४ झाली. 'मिसिंग फिफ्टी-फोर' म्हणून तुम्ही कदाचित ऐकलं असेल. त्यात हवाई दलाचे बरेच आहेत. तांबे, कदम, ढवळे अशी आपल्या ओळखीची आडनावंही आहेत. सगळे वैमानिक नाहीत, कॅनबेरा विमानाचा नॅव्हिगेटरही आहे. सिनेमात आपल्याला पायलट तेवढा दिसतो, पण विमान उडवायला नॅव्हिगेटर लागतो, फ्लाइट इंजिनिअर लागतो, सिग्नलर, गनर लागतो. एअरक्रू म्हणतात ते या सगळ्यांना मिळून.

या कुटुंबांपुढे उभा राहिलेला सरकारी प्रश्न वरवर साधा आहे. माणूस जिवंत असेल तर तो नोकरीत आहे, त्याचा पगार चालू हवा, बढती हवी, निवृत्तीचं वय झालं की पेन्शन हवी. माणूस गेला असेल तर पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन हवं. पण 'बेपत्ता' असेल तर?

कायद्यात यावर एक वाट आहे. जुन्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम १०८. ज्यांना खबर लागायला हवी होती त्या जवळच्या माणसांनाही सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. सोप्या भाषेत, सात वर्षांनी मृत मानायला मुभा. मेख इथेच आहे. 'काही खबर नाही' असं या घरांनी कोणत्या तोंडाने म्हणायचं? तांब्यांच्या घरी वर्तमानपत्राचं कात्रण होतं. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर १९७४-७५ मध्ये मुलाच्या हस्ताक्षरातली पत्रं आली होती. खबर होती, माणूस नव्हता. त्या कागदावर सही करायची म्हणजे 'मृत' या शब्दाखाली आपण आपल्या हाताने सही करायची. आता तुम्हीच सांगा, तुम्ही केली असती?

दमयंती तांबे यांनी दिल्लीत जेएनयूमध्ये क्रीडा विभागात नोकरी केली आणि सोबत मंत्रालयांचे उंबरे झिजवले. या कुटुंबांची शिष्टमंडळं १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये पाकिस्तानात जाऊन तुरुंग बघून आली. हाती काही लागलं नाही. आमच्याकडे असे कुणी कैदी नाहीत, हे पाकिस्तानचं उत्तर आजवर कायम आहे.

मग प्रकरण कोर्टात. २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं की प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या आणि या सैनिकांच्या कुटुंबांना सेवेचे आणि निवृत्तीचे सगळे लाभ तीन महिन्यांत द्या. चाळीस वर्षांनी का होईना, कुणीतरी 'लाभ' हा शब्द उच्चारला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात त्या आदेशाला स्थगिती मिळाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरळ विचारलं, हे लोक जिवंत आहेत का? सरकारी बाजूने उत्तर आलं, माहीत नाही, पण पाकिस्तान नाकारतं आहे तेव्हा ते हयात नसावेत असं आम्ही मानतो. आणि २०१९ मध्ये संसदेत सरकारने सांगितलं की १९७१ च्या युद्धकैद्यांसह ८३ बेपत्ता भारतीय सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात आहेत असं मानलं जातं. एक सरकार, दोन सभागृहं, दोन उत्तरं. पहिल्या उत्तरात माणूस नाही, दुसऱ्यात आहे. हयातीचा दाखला मागायचा तर कुणाकडे?

तुम्ही म्हणाल, ही टोकाची गोष्ट झाली. बरोबर. परत आलेल्यांची लढाई तुलनेने छोटी असते, पण तिचीही चाल हीच. जे घडलं ते कागदावर आहे का, एवढंच विचारलं जातं.

उदाहरण घ्या. विमानातून इजेक्ट होताना खुर्चीखालचं रॉकेट पेटतं आणि क्षणभर शरीरावर वजनाच्या बारा-पंधरा पट भार येतो. जीव वाचतो, पण पाठीचे मणके दबतात. हे दुखणं पंचविशीत जाणवत नाही इतकं पन्नाशीत जाणवतं. वर्षानुवर्षं इंजिनच्या आवाजात बसलेल्या एअरक्रूचे कानही तसेच. अपंगत्व पेन्शन मागायला गेलं की प्रश्न येतो, हा त्रास 'सेवेमुळे झालेला किंवा सेवेमुळे बळावलेला' आहे का? या पाच-सहा शब्दांवर किती अर्ज फेटाळले गेले असतील! २०१३ मध्ये धरमवीर सिंग या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठाम सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं काम खात्याचं, जवानाचं नाही. तरीही अशी प्रकरणं सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत जातातच. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

विंग कमांडर संजीत सिंग कैला यांचं प्रकरण तर तुम्ही जरूर वाचा, विशेषतः लॉ करणाऱ्यांनी. २००५ मध्ये राजस्थानात त्यांच्या मिग-२१ ला हवेत आग लागली, ते इजेक्ट झाले, पाठ कायमची दुखावली आणि लढाऊ विमान उडवणं संपलं. चूक कुणाची? त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. तोच, दहा रुपये फीचा. त्यातून बाहेर आलं की दोष विमानाच्या निर्मितीतला होता. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०१७ मध्ये न्यायालयाने ५५ लाखांच्या भरपाईचा आदेश दिला. सैनिकाने युद्धाची जोखीम पत्करलेली असते, सदोष यंत्राची नाही आणि सुरक्षित कामाच्या जागेचा हक्क त्यालाही आहे, असा त्या निकालाचा अर्थ.

'वन रँक वन पेन्शन'बद्दल तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल, म्हणून थोडक्यात. एकच हुद्दा आणि तितकीच सेवा असेल तर पेन्शन सारखी, मग निवृत्ती कधीची का असेना. योजना १ जुलै २०१४ पासून लागू, पण थकबाकीसाठी पुन्हा कोर्ट. मार्च २०२३ मध्ये सरकारने याबाबतचं टिपण बंद लिफाफ्यात देऊ केलं तेव्हा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ते घ्यायला नकार दिला आणि कुणाचे पैसे कधी द्यायचे त्याच्या तारखा ठरवून दिल्या. सत्तरी ओलांडलेल्यांना आधी. का, ते सांगायला नको.

आता आपल्या वसई-विरारकडे या. इथे राहणाऱ्या माजी सैनिकाची एक खास अडचण आहे, जी पुण्या-साताऱ्याच्या फौजीला नसते. गाव तेच, नावं मात्र बदलत गेली. १९६०-७० च्या सेवापुस्तकात जन्मगाव लिहिलेलं असतं 'बेसिन', कारण इंग्रजांपासून तीच सवय होती आणि आपलं वसई रोड स्टेशनही तेव्हा बेसिन रोड होतं. जिल्हा 'ठाणा'. पुढे २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली, पत्ते बदलले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, पुन्हा बदलले. आधारवर एक, पॅनवर दुसरं, पेन्शनच्या आदेशावर म्हणजे पीपीओवर तिसरं. त्यात आपली आडनावं! एकाच घरात डाबरे, डिमेलो, वर्तक, म्हात्रे यांची इंग्रजी स्पेलिंगं तीन-तीन प्रकारे लिहिलेली सापडतील. तेव्हा कुणा कारकुनाने भरतीच्या दिवशी ऐकू आलं तसं लिहिलं, आज कॉम्प्युटर म्हणतो, हे दोन वेगळे इसम आहेत. तांब्यांचं 'टॉम्बे' झालं तसंच हे.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो आजीला. आजोबा असेपर्यंत फाइल चालते. ते गेले की लक्षात येतं, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव माहेरचं आहे, किंवा जन्मतारीखच नाही. मग दिल्लीच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, प्रतिज्ञापत्र, फोटो, पुन्हा पत्र. कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात जायचं तर विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर, तेही पहाटेच्या लोकलमध्ये उभं राहून. ऐंशीच्या घरातल्या बाईने हे कसं करायचं?

यातलं बरंचसं तुम्हाला फोनवरून, घरबसल्या, एका रविवारी तपासता येतं. 'स्पर्श'वर लॉगिन करून पीपीओवरचं नाव, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते बघा. जुळत नसेल तर आजोबा ठणठणीत असतानाच दुरुस्तीचा अर्ज टाका, कारण सही त्यांची लागते. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ते याच कामासाठी आहे. ओटीपी मात्र त्यांच्याच हातात राहू द्या. 'स्पर्शमधून बोलतोय' असं सांगून खाती रिकामी करणारे कमी नाहीत. कॉलेजात एनएसएसचे तास भरायचेच असतात, तर वर्तक, गोन्सालो गार्सिया, विवाच्या मुलामुलींनी नोव्हेंबरात एखादा शनिवार यासाठी का काढू नये?

आणि बसलाच आहात तर लॉगबुक मागा. एअरक्रूमधल्या माणसाकडे ते बहुधा असतंच, कपाटाच्या तळाशी, जुन्या साडीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. तारीख, विमानाचा प्रकार, कुठून कुठे, हवेत किती तास, सगळं हाताने लिहिलेलं. पाठीचा किंवा कानाचा दावा करताना कुठे किती उड्डाणं केली ते याच पानांतून दाखवता येतं. शिवाय एकेका ओळीवर बोट ठेवून 'हे काय होतं?' विचारलंत की आजोबा सुरू होतील. तेव्हा फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा. आणि पानं एकेक करून स्कॅन करून घ्या, पुढच्या पावसाळ्याच्या आत. आपल्याकडच्या दमट हवेत त्या काळची शाई फार टिकत नाही.